ओहोटीवरचा किडा आणि गांवचा पार

मुरुड म्हटलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जंजिऱ्याचा समुद्र उभा राहतो. आमचें मुरुड लातूर जिल्ह्यांतलें. येथून समुद्र सुमारें २०० मैल दूर. अशा गांवीं बसून एका स्कॉच जीवशास्त्रज्ञाच्या सागरी संशोधनाची कथा सांगणें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण तिचा शेवट आमच्याच जिल्ह्यांत होतो.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधील बॅलटर येथला. लंडनला ते हक्स्ले यांच्या हाताखालीं शिकले. १८७८ सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर रोस्कॉफ येथें असतां, ओहोटीच्या वाळूवर उन्हांत पसरणाऱ्या एका इवल्या हिरव्या किड्यानें त्यांचें लक्ष वेधलें. हा प्राणी असूनहि वनस्पतीप्रमाणें उन्हांत प्राणवायु सोडतो, हें त्यांनीं दाखविलें. पुढें १८८२ सालीं, कांहीं सागरी जीवांच्या अंगांतील पिवळ्या पेशी म्हणजे निराळ्या वनस्पतीच होत, आणि यजमान व पाहुणा एकमेकांच्या टाकाऊ द्रव्यांवर पोसले जातात, असें त्यांनीं मांडलें. जीवनकलह हाच सृष्टीचा एकमेव कायदा मानण्याची तेव्हां टूम होती. त्या काळीं हक्स्ले यांच्याच शिष्यानें सहजीवनाची साक्ष काढावी, यांत मला मोठें स्वारस्य वाटतें.

मध्यंतरीं १८७९ सालीं मेक्सिकोंत त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती. तेव्हांपासून सूक्ष्मदर्शक हळूहळू सुटत गेला, आणि एकमेकांच्या आधारानें जगणारें शरीर पाहणारी ती नजर शहरांकडे वळली.

१९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले. होळकरांच्या इंदुरांत प्लेगचें थैमान चाललें होतें. गेडीस यांनीं दिवाळीला एक दिवसाचें राजेपण मागून घेतलें, आणि जो रस्ता अधिक स्वच्छ त्यावरूनच मिरवणूक जाईल असें जाहीर केलें. झालें! घराघरांतून गाड्याच्या गाड्या केर निघाला, आणि मिरवणुकीअंतीं प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा जाळण्यांत आली. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढणाऱ्यांवर त्यांचा भारी रोष. पार, विहीर, देऊळ राखावें, एखादें पडकें घर तेवढें काढून उजेड आंत घ्यावा; ही त्यांची जपून केलेली शस्त्रक्रिया.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचें व्याख्यान बहुधा दाढींतल्या दाढींतच राही. (हा दोष आम्हां प्राध्यापकांत अगदींच दुर्मिळ नाहीं.) पण पारख मोठी: मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या शिफारशीनें विलायतेस गेले, परतून त्याच विभागाचे प्रमुख झाले, आणि इरावती कर्वे त्यांच्यापाशीं शिकल्या. गेडीस १९३२ सालीं फ्रान्समध्यें वारले.

आमच्या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला, आणि किल्लारीच्या परिसरांतील व शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील मिळून ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. दगडमातीच्या जड भिंतींनीं केलेला घात पाहतां, तीं घरें तशींच ठेवा असें गेडीसहि म्हणाले नसते. परंतु त्या सरळ, रुंद रस्त्यांवर उभें राहिलें कीं माझी नजर पार शोधूं लागते. भिंतीला भिंत लागून असलेला शेजार तेथें विरळ झाला आहे. गेडीस आधीं त्या गांवांतून पायीं हिंडले असते, दुपारीं म्हाताऱ्या बायका कोठें टेकत असत हें त्यांनीं विचारून घेतलें असतें, नकाशा मागाहून.