माफ्फेई-१ : एका दीर्घिकेच्या स्थाननिश्चितीचा इतिहास

एखादी दीर्घिका कोणत्या समूहात मोडते, हा प्रश्न मुख्यतः तिच्या अंतराचा होय; आणि वाटेत धूळ असल्यास अंतराचा प्रश्न प्रथम धुळीचा होऊन बसतो. शर्मिष्ठा तारकासमूहातील माफ्फेई-१ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ही दीर्घिका आकाशगंगेच्या मध्यप्रतलापासून अवघ्या अर्ध्या अंशावर आहे. मधल्या धुळीमुळे तिच्या दृश्य प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळेच १९५९ साली शार्पलेस यांनी प्रसिद्ध केलेल्या तेजोमेघांच्या सूचीत ती १९१ व्या क्रमांकावर तेजोमेघ म्हणूनच नोंदली गेली. अवरक्त किरण धुळीतून अधिक सहजपणे पार होतात. १९६७ साली इटलीतील आसिआगो वेधशाळेत पाओलो माफ्फेई यांनी घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांत ही दीर्घिका व तिची शेजारीण माफ्फेई-२ प्रथमच स्पष्टपणे लक्षात आल्या.

१९७१ साली स्पिनराड व त्यांच्या सहकाऱ्यांनी माफ्फेई-१ ही महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका असल्याचे दाखविले आणि तिचे अंतर सुमारे ३३ लक्ष प्रकाशवर्षे ठरविले. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षांवर आहे. तेव्हा आपल्या स्थानिक समूहाला एक नवा बलाढ्य सदस्य लाभला, असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि १९८३ साली बुटा व मॅकॉल यांनी हे अंतर सुमारे ७० लक्ष प्रकाशवर्षांवर नेले, आणि माफ्फेई-१ ची गणना आयसी ३४२ या सर्पिल दीर्घिकेच्या शेजारसमूहात होऊ लागली. हा समूह पूर्वी स्थानिक समूहातच असून देवयानीच्या सान्निध्यामुळे बाहेर फेकला गेला असावा, असाही तर्क पुढे मांडला गेला. २००३ साली अंतर ९८ लक्ष प्रकाशवर्षांच्या घरात आल्यावर तो तर्क टिकणे कठीण झाले.

धुळीने शोषलेला प्रकाश अधिक धरला, तर दीर्घिकेची मूळ दीप्ती आपल्याला अधिक दिसावयास हवी होती असे मानावे लागते व अंतर कमी येते. हबल दुर्बिणीच्या अवरक्त वेधांत मात्र सुट्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांची कमाल दीप्ती मोजता आली. तीवरून २०१९ साली माफ्फेई-२ चे अंतर सुमारे १ कोटी ८७ लक्ष प्रकाशवर्षे निघाले. या गणनेनुसार माफ्फेई समूह आयसी ३४२ च्या समूहापलीकडे ८० लक्ष प्रकाशवर्षांवर असून दोन्ही समूह स्वतंत्र ठरतात.

साठ वर्षांत दीर्घिका जागची हलली नाही. बदलली ती आपली गणिते. समूहांच्या नकाशावरील सीमारेषा या निरीक्षणे नसून अनुमाने असतात, हे संशोधकाने विसरता कामा नये.