भाकरी थापता येईल का?

  आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. आजचा इतिहास आहे एका हाताचा. खरा हात गेल्यावर लावायच्या, माणसांनी मिळून घडवलेल्या हाताचा.

हा विषय निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या उजव्या हाताची चार बोटं तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेली. अंगठा आणि मनगट तेवढं शाबूत राहिलं. तेव्हापासून त्या बैठकीत येतात, बचतीचे पैसे भरतात, डाव्या हातानं सही करतात, पण उजवा हात पदराखालून बाहेर काढत नाहीत. मागच्या महिन्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एका लहान मुलाला प्लॅस्टिकचा रंगीत हात लावलाय आणि तो त्या हातानं चेंडू उचलतोय. सगळ्या जणी कौतुकानं बघत राहिल्या. वहिनींनी मात्र एकच विचारलं, "त्या हातानं भाकरी थापता येईल का?"

उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही शोधायला लागलो, आणि शोधता शोधता चार-पाच देश फिरून आलो. तेच आज सांगतो.

सुरुवात होते ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात, १८४० च्या दशकात. तिथं कोल्स नावाचा एक शिपाई होता, त्याचा हात जायबंदी झालेला. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या दातांच्या डॉक्टरनं त्याला एक हात करून दिला. देवमाशाच्या हाडाची बोटं आणि ती ओढायला आतून दोऱ्या. दोरी ताणली की बोटं मिटायची. विहिरीवरच्या रहाटाला दोर ओढल्यावर बादली वर येते ना, तसाच प्रकार. हा हात एका माणसासाठी झाला आणि पुढं लोक त्याला विसरूनही गेले. पण त्याचं वर्णन कागदावर राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता आपल्या देशात येऊ. जयपूरचा पाय तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात तो घडला. त्याआधी परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय मिळत, पण ते बुटात घालून फरशीवर चालण्यासाठी केलेले होते. आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलातून जातो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. तो पाय लावून यातलं काहीच नीट जमत नसे. लोक पाय न्यायचे आणि घरी कोपऱ्यात ठेवून द्यायचे. तिथं रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, शाळा जेमतेम शिकलेले. सांगतात की त्यांची सायकल पंक्चर झाली, म्हणून ते एका दुकानात थांबले. तिथं ट्रकच्या जुन्या टायरवर रबर चढवण्याचं काम चाललं होतं. ते बघून त्यांच्या डोक्यात आलं, पाय असाच रबराचा केला तर? डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर सोबत होतेच. रुग्णाला लावून बघायचं, दुखलं तर बदलायचं, मोडलं तर पुन्हा करायचं. असं करत करत वाकणारा, पाण्यात चालणारा, बुटाशिवाय वापरता येणारा पाय तयार झाला.

या पायाचं पेटंट कुणी घेतलं नाही. पेटंट म्हणजे आमच्या परवानगीशिवाय ही वस्तू कुणी करायची नाही, असा कायदेशीर हक्क. तो घेतला नाही, म्हणून हा पाय अफगाणिस्तान, कंबोडिया अशा सुरुंगांनी पोळलेल्या देशांपर्यंत पोहोचला. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्रजींचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. हीही गोष्ट लक्षात ठेवा.

आता यंत्राची गोष्ट. व्हिडिओतला तो हात ज्या यंत्रावर झाला, त्याला थ्री-डी प्रिंटर म्हणतात. नाव अवघड आहे, काम नाही. आपण सोऱ्यातून कुरडई कशी पाडतो? एक फेरा, त्यावर दुसरा, वाळली की घट्ट. हे यंत्र तसंच गरम केलेल्या प्लॅस्टिकची बारीक तार थरावर थर सोडत जातं. कुठं सोडायची, हे त्याला संगणकातलं चित्र सांगतं.

या पद्धतीचा जन्म अमेरिकेत, तोही स्वयंपाकघरात झाला. १९८८ साली स्कॉट क्रम्प नावाच्या इंजिनिअरनं आपल्या लहान लेकीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला. डिंक गरम करून सोडायची एक पिचकारी असते, तिच्यात प्लॅस्टिक आणि मेणाचं मिश्रण भरून तो थरावर थर देत बसला. त्यातून युक्ती सुचली. त्यानं आणि त्याची बायको लिसा हिनं कंपनी काढली, पेटंट घेतलं. पुढची वीस वर्षं हे यंत्र मोठ्या कारखान्यांनाच परवडायचं.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले एड्रियन बोयर यांनी वेगळी वाट धरली. २००५ च्या सुमारास त्यांनी असा प्रिंटर करायला घेतला, जो स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल. त्याचे सगळे आराखडे त्यांनी इंटरनेटवर खुले ठेवले. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावेत, करून बघावं, सुधारणा केली तर तीही तिथंच ठेवावी. जगभरच्या लोकांनी तसं केलं. विरजण लावायला एका घरातून दुसऱ्या घरात दही जातं ना, तसा एका प्रिंटरनं दुसऱ्याचे भाग छापले. २००९ साली क्रम्प यांचं मूळ पेटंटही संपलं. मग हे यंत्र स्वस्त होत होत शाळेच्या खोलीत, घरातल्या टेबलावर येऊन बसलं.

आणि आता येतो हात. २०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गजवळ रिचर्ड व्हॅन आस या सुताराच्या उजव्या हाताची बोटं करवतीत गेली. बाजारातल्या कृत्रिम बोटांची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर होती. तो स्वतःच शोधाशोध करू लागला. त्यात त्याला अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन नावाच्या माणसाचा व्हिडिओ दिसला. आयव्हन सोंगांसाठी, बाहुल्यांसाठी वस्तू करायचा. त्यानं गमतीसाठी एक भला मोठा यांत्रिक हात केला होता, बोटं ओढली की मिटणारा. सुतारानं त्याला पत्र पाठवलं. दोघांमध्ये सुमारे १६,००० किलोमीटरचं अंतर. ना ओळख, ना पाळख. तरी इंटरनेटवर बोलत, चित्रं पाठवत, ते मिळून बोटं घडवू लागले.

शोधताना आयव्हनला ते जुनं वर्णन सापडलं, अ‍ॅडलेडच्या शिपायाचा देवमाशाच्या हाडाचा हात. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची ती दोऱ्यांची युक्ती पुन्हा उपयोगी पडली. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेतल्याच एका आईनं त्यांना गाठलं. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला जन्मतःच उजव्या हाताला बोटं नव्हती. त्याच्यासाठी पहिला पूर्ण हात झाला. मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणतात आणि पाचही बोटं मिटतात. ना मोटर, ना बॅटरी. पण मूल वाढतं, हात दर वर्षी नवा लागणार. म्हणून त्यांनी एका प्रिंटर कंपनीकडे मदत मागितली. कंपनीनं दोघांना एकेक यंत्र दिलं. एकानं चित्र बदलायचं, दुसऱ्यानं समुद्रापलीकडे तोच भाग छापून बघायचा. ज्या दुरुस्तीला आधी दिवसच्या दिवस जायचे, ती थोड्या वेळात व्हायला लागली.

२०१३ च्या जानेवारीत त्यांनी हाताचे सगळे आराखडे जगासाठी खुले केले. पैसे मागितले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथले प्राध्यापक जॉन शुल यांनी एक साधी गोष्ट केली. इंटरनेटवर एक नकाशा ठेवला. ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्यानं खूण करावी, ज्याला हात हवा त्यानंही करावी. त्यातून 'ई-नेबल' ही स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. आयव्हनची बायको जेन ओवेन हिनं कुटुंबांशी बोलणं, त्यांचे अनुभव लिहून ठेवणं हे काम अंगावर घेतलं. आज शंभराहून अधिक देशांत ही माणसं आहेत. शाळेतली मुलं, निवृत्त इंजिनिअर, आया, शिक्षक. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आणि हे स्वयंसेवक एकत्र बसले. कारण हौसेनं केलेला हात कातडीला घासला तर जखम होते, आणि कुणाला कसला हात चालेल हे जाणत्याकडून तपासून घ्यावंच लागतं.

आता वहिनींचा प्रश्न. या हातानं भाकरी थापता येईल का?

नाही येणार. या हातांना बहुतेक वेळा जे प्लॅस्टिक वापरतात, ते साधारण ६० अंश उष्णतेला मऊ पडायला लागतं. चुलीवरच्या तव्याजवळ त्याचा निभाव लागायचा नाही. पकडही हलकी. बाटली धरता येते, चेंडू धरता येतो, सायकलची मूठ धरता येते. पीठ मळायला लागतो तो जोर त्यात नाही, आणि सांध्यांत पीठ अडकेल ते वेगळंच.

आम्ही हे वहिनींना सांगितलं. वाटलं होतं, हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "मग ज्यानं हा हात काढला, त्याला भाकरी माहीत नसणार."

मैत्रिणींनो, एवढा इतिहास वाचून आम्हाला जे नीट सांगता आलं नसतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. जयपूरचा पाय उकिडवा बसतो, कारण तो घडताना उकिडवं बसणारा माणूस समोर होता. प्लॅस्टिकचा हात चेंडू धरतो, कारण तो घडताना समोर एक लहान मूल होतं. बोलायला जो हजर असतो, त्याचंच माप वस्तूला लागतं. आपण हजर नव्हतो, म्हणून तव्याचा विचार कुणी केला नाही.

पूर्वी हजर राहायचं तर त्या शहरात, त्या खोलीत असावं लागायचं. आता तसं राहिलेलं नाही. आराखडा खुला आहे आणि खोलीला दारं पुष्कळ झाली आहेत. एक दार आपल्याजवळही आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या गावातल्या पोरांनी हातानं काम करत शिकावं, हा त्यामागचा विचार. २००२ साली तिथं फॅब लॅब झाली, म्हणजे असली यंत्रं लोकांना वापरायला मिळणारी कार्यशाळा. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक, आणि ती मुंबईत नाही, पाबळला झाली.

पण दार उघडं असून आपण आत जातो का? घरातला मोबाइल बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात असतो. आराखड्यांवरची माहिती इंग्रजीत असते. आणि आपल्याला वाटतं, आपण काय सांगणार? गोधडी शिवताना मात्र आपण असं म्हणत नाही. एकीनं धावदोरा घातला, दुसरीनं कोपरा बदलला, तिसरीनं जुन्या लुगड्याचा काठ लावला. गोधडीचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून ती घराघरांत पोहोचली. मिळून घडवायची ही रीत आपल्याला नवी नाही. फक्त पूर्वी ती गल्लीपुरती होती.

एक भीती खरी आहे. आपली नक्षी खुली केली की दुसरा कुणी उचलतो आणि नाव त्याचं होतं. रामचंद्रजींचं काय झालं ते आठवा. यावरही लोकांनी उपाय काढलाय. आराखडा खुला ठेवताना अट लिहिता येते की वापरा, बदला, पण मूळ कुणाचं ते सांगा आणि तुमची सुधारणाही खुली ठेवा. याला खुला परवाना म्हणतात. तेव्हा वाटायचं म्हणजे नाव पुसायचं, असं नाही.

आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी वहिनींसाठी एक पट्टा शिवला. तळहाताला बांधायचा, त्यात खुरप्याची मूठ अडकवायची, अंगठ्यानं दाबून धरायची. पहिला पट्टा शिवणीत उसवला. दुसरा घामानं घसरायला लागला. तिसऱ्याला जुन्या दप्तराचा पट्टा आणि आतून सुती कापड लावलं. तो टिकलाय. परवा वहिनींनी त्यावर कांद्याची एक सरी खुरपली. हात पदराबाहेर होता.

त्या पट्ट्याचा नमुना आम्ही खाकी कागदावर मापांसह काढून ठेवलाय. फोटो फक्त हाताचा आहे, चेहऱ्याचा नाही, तोही वहिनींना विचारूनच काढला. खाली दोघींची नावं लिहिली आहेत. कागद ग्रामसंघाच्या कपाटात आहे. ज्यांना लागेल त्यांनी येऊन छापून घ्या. आणि वापरताना काही बदललंत, तर ते सांगायला परत या.

भाकरी अजून वहिनींच्या जाऊबाईच थापतात. त्यावर काम चालू आहे.