कंट्रोल-ऑल्ट-डिलीट
आयबीएम पीसी व त्या घडणीच्या संगणकांवर तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची, पुढे अडकलेला प्रोग्रॅम बंद करण्याची सोय. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे पहिला पीसी (१९८१) घडवणाऱ्या गटातील अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी ती बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूलभूत सूचनांच्या संचात, घातली. नवे प्रोग्रॅम तपासताना यंत्र वारंवार हँग होई. त्याला रीसेटचे बटण नव्हते आणि वीज बंद-चालू केली, की मेमरीची चाचणी संपेपर्यंत ताटकळावे लागे. हा खोळंबा टाळावा एवढाच हेतू. सामान्य ग्राहकासाठी ही सोय नव्हतीच. आधी तिसरी कळ एस्केप होती. पण तिन्ही कळा डावीकडेच येत असल्याने चुकून हात पडून चालू काम बुडण्याचा धोका होता. म्हणून कीबोर्डच्या पार उजव्या टोकाची डिलीट निवडली.

कळ दाबली, की प्रोसेसरला इंटरप्ट जातो आणि हातातले काम थांबवून तो बायॉसमधील कीबोर्डच्या सूचना वाचतो. तिन्ही कळा एकत्र दिसल्यास बायॉस मेमरीत ठरलेल्या जागी १२३४ हा षोडशमान आकडा लिहून ठेवतो आणि प्रारंभीच्या सूचनांकडे उडी घेतो. तिथे हा आकडा आढळला, की मेमरीची चाचणी गाळली जाते. याला वॉर्म बूट म्हणतात. मूळ पीसीत हा खऱ्या अर्थाने रीसेट नव्हताच : प्रोसेसरच्या रीसेट पिनेपर्यंत काही पोचत नसे. शिवाय इंटरप्ट बंद ठेवूनच प्रोग्रॅम अडकला, तर कळा ऐकायला कोणी उरत नसे. अशा वेळी वीजच तोडावी लागे. इतर कंपन्यांच्या पीसीसदृश यंत्रांवर आलेले रीसेट बटण म्हणूनच मोलाचे. त्याची तार सॉफ्टवेअरला न विचारता काम करते.

विंडोज ३.१ने (१९९२) या कळा आधी स्वतःकडे घेऊन फक्त अडकलेला प्रोग्रॅम बंद करण्याची संधी दिली. पुन्हा दाबल्यासच यंत्र नव्याने सुरू होई. विंडोज एनटीने (१९९३) तर त्यांना पासवर्डच्या दारावर बसवले. ही जोडणी सामान्य प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नसल्याने तिच्यानंतर दिसणारी लॉगिनची चौकट बनावट नसल्याची खात्री मिळते. युक्ती चोख होती, पण कामावर येताच तीन कळा दाबायला लावणे वापरणाऱ्यांच्या कधी पचनी पडले नाही. बिल गेट्स यांनीही २०१३मध्ये ती चूक असल्याचे मान्य करून एकच स्वतंत्र कळ हवी होती, असे म्हटले.

या कळांप्रमाणेच १९९५च्या एटीएक्स या मदरबोर्ड-रचनेपासून पॉवर बटणही थेट वीज तोडत नाही. साध्या दाबाने केवळ विनंती जाते. ऑपरेटिंग सिस्टिम फायली बंद करून मग वीजपुरवठा बंद करायला सांगते. तीच गोठलेली असेल, तर बटण चार सेकंदांहून थोडे अधिक धरून ठेवावे लागते. तेव्हा वीज बंद करण्याचे काम हार्डवेअरच करते आणि डिस्कवर न उतरलेला मजकूर जातो.