मोठे अक्षर, लहान अक्षर आणि हरवलेला ‘ण’

‘मन’ आणि ‘मण’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मराठी माणसाला व्याकरण उघडून पाहावे लागत नाही. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘वात’ आणि ‘वाट’ या जोड्यांचेही तसेच. परंतु हेच शब्द रोमन अक्षरांत लिहून आंतरजालावर शोधले, तर प्रत्येक जोडीतील भेद बहुधा पुसला जातो. याचे कारण एका जुन्या तांत्रिक निर्णयात आहे. इंग्रजीतील मोठी आणि लहान अक्षरे एकच मानावीत, असा तो निर्णय. तो कसा झाला, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्यात बेंगळुरूचा वाटा काय, याचा हा संक्षिप्त इतिहास.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. इंग्रजी अक्षरांना क्रमांक देणारी ‘अ‍ॅस्की’ ही अमेरिकन संकेतप्रणाली १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात लहान अक्षरांना स्थानच दिलेले नव्हते. ते १९६७ च्या सुधारित आवृत्तीत मिळाले. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७. सर्व सव्वीस अक्षरांत हे अंतर नेमके ३२ ठेवलेले आहे. द्विमान पद्धतीत ३२ चा फरक म्हणजे केवळ एका अंकाचा फरक. तो अंक दुर्लक्षित केला की लहान-मोठा भेद संपला. इतके स्वस्त गणित उपलब्ध असल्यावर ते सर्वत्र वापरले जाणे स्वाभाविक होते. इंग्रजीचे त्यात फारसे बिघडतही नाही, कारण तेथे मोठे अक्षर प्रामुख्याने वाक्याचा आरंभ किंवा विशेषनाम दाखवते. शब्दाचा उच्चार बदलत नाही.

भारतीय भाषांची गोष्ट निराळी झाली. संस्कृत रोमन लिपीत कसे लिहावे, याबाबत १८९४ मध्ये जिनिव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेत विद्वानांनी सहमती घडवली. दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि मूर्धन्य व्यंजनाखाली टिंब, ही तिची मुख्य तत्त्वे. छापखान्यात असे खिळे पाडून घेता येत होते. अ‍ॅस्कीच्या मोजक्या चिन्हांत मात्र ना टिंब होते, ना रेघ. अभ्यासकांनी मग हाताशी असलेली एकच मोकळी जागा वापरली, ती म्हणजे मोठी अक्षरे. ‘हार्वर्ड-क्योटो’ पद्धतीत लहान ‘एन’ म्हणजे न आणि मोठा ‘एन’ म्हणजे ण. लहान ‘टी’ म्हणजे त, मोठा ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘आय’ ऱ्हस्व, मोठा ‘आय’ दीर्घ. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत केवळ या एका अक्षराच्या आकाराचे अंतर उरले. अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी घडवलेली ‘आयट्रान्स’ पद्धत याच वाटेने गेली. मोठा ‘एल’ म्हणजे ळ, ही खूण त्या पिढीतील संगणक वापरणाऱ्या मराठी मंडळींच्या बोटांत बसली. कर्नाटकात १९९८ पासून लोकप्रिय झालेल्या ‘बरह’ या कन्नड लेखनप्रणालीतही ण आणि ळ असेच लिहिले जातात.

याच काळात शोधयंत्रे आली. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टाव्हिस्टा’चा नियम आजही स्मरणीय वाटतो. शोधशब्द सगळा लहान अक्षरांत लिहिला, तर दोन्ही प्रकारचे निकाल मिळत. त्यात एक जरी मोठे अक्षर घातले, तर शोध तंतोतंत होई. ज्याला भेद नको त्याला त्रास नाही, ज्याला हवा त्याला तो उपलब्ध. १९९८ मध्ये आलेल्या गूगलने मात्र हा भेद सरसकट दुर्लक्षित केला आणि पुढे तोच जगाचा शिरस्ता झाला. आयट्रान्समध्ये लिहून ठेवलेली स्तोत्रे, गीते आणि कोश जागच्या जागी राहिले. त्यांतला ‘ण’ शोधण्याचे साधन मात्र सामान्य वाचकाच्या हातून गेले.

या परिस्थितीला बेंगळुरूत दिले गेलेले उत्तर फारसे कोणाला ठाऊक नाही. भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहत होती. लक्षावधी पुस्तकांची पाने प्रतिमांकित करायची, तर अनेक लिप्यांतील नावे एका सूत्रात नोंदवण्याची सोय हवी. माधवी गणपतीराजू, मिनी बालकृष्णन, एन. बालकृष्णन आणि राज रेड्डी यांनी २००५ मध्ये ‘ओम’ ही लिप्यंतरपद्धत मांडली. तिच्या घोषित वैशिष्ट्यांपैकी एक असे, की अक्षराचे लहान-मोठेपण अर्थ वाहणार नाही. माहितीशोधाची प्रचलित साधने भारतीय मजकुरावर जशीच्या तशी चालावीत, हा हेतू. म्हणून दीर्घ आ साठी ‘ए’ दोनदा, आणि ट साठी ‘टी’पुढे अवतरणखूण.

निर्णय व्यवहार्य होता. पण त्याचा अर्थही लक्षात घ्यायला हवा. यंत्र भेद पाळत नाही म्हणून भाषेने आपली खूण बदलली. आणि तेवढ्यानेही प्रश्न सुटला नाही, कारण शोधयंत्रे विरामचिन्हांनाही फारशी किंमत देत नाहीत. त्या ग्रंथालयातील अनेक मराठी पुस्तकांची नावे निरनिराळ्या रोमन वळणांनी नोंदली गेली. पुस्तक अस्तित्वात असूनही सापडत नाही, हा अनुभव जुने मराठी ग्रंथ धुंडाळणाऱ्या अनेकांना आलेला आहे.

युनिकोडने आपल्याला या कोंडीतून पुष्कळसे सोडवले, हे खरे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. ण चा क्रमांक २३३९, न चा २३४४. घोटाळ्याला जागाच नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा हा वाद आपल्यापुरता संपला, असे कोणालाही वाटावे.

तो संपला नव्हता. २०१८ मध्ये गूगलने ‘बर्ट’ हे भाषा-प्रारूप बहुभाषिक रूपात खुले केले. त्याच्या अक्षरभेद न पाळणाऱ्या आवृत्तीत मजकूर आधी लहान अक्षरांत बदलला जाई आणि त्याच पायरीवर युरोपीय अक्षरांवरील स्वरचिन्हे काढून टाकली जात. ती ओळखण्यासाठी युनिकोडचा जो वर्ग वापरला होता, त्याच वर्गात आपली मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे मोडतात. परिणामी ‘पुणे’चे ‘पण’ झाले, ‘बेंगळुरू’चे ‘बगळर’. ज्या लिपीत मोठे अक्षर मुळातच नाही, तिचे स्वर मोठ्या अक्षरांच्या बंदोबस्तात कापले गेले. त्याच वर्षी निर्मात्यांनी भेद पाळणारी आवृत्ती आणली आणि रोमनेतर लिप्यांसाठी तीच वापरावी, अशी शिफारस केली.

विज्ञानाच्या लेखनात तर हा भेद रोजचा आहे. मिलीवॉट आणि मेगावॉट यांच्या चिन्हांत केवळ ‘एम’च्या आकाराचा फरक, राशींतील फरक एक अब्ज पटींचा. कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड, हाफ्नियम आणि हायड्रोजन फ्लोराइड या जोड्याही अशाच. रेणूंची रचना एका ओळीत लिहिण्याच्या ‘स्माइल्स’ पद्धतीत सहा लहान ‘सी’ आणि दोन १ लिहिले की बेंझीन होते. तेच ‘सी’ मोठे केले की सायक्लोहेक्झेन. यांतले पहिले सिद्ध कर्करोगकारक द्रव्य आहे. रसायनांचे विशेष कोश हा भेद पाळतात. सर्वसाधारण शोधयंत्र पाळत नाही.

भेद दुर्लक्षित करण्यात सोय आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. भ्रमणध्वनीवर घाईने टंकणाऱ्याला मोठ्या अक्षराची सक्ती झाली, तर निम्मे शोध वाया जातील. दोन्ही रूपे सूचीत ठेवायची, तर साठवण वाढते, हेही खरे. म्हणून मागणी सक्तीची नाही, पर्यायाची आहे. १९७३ पासून वापरात असलेली ‘ग्रेप’ ही युनिक्सची शोध-आज्ञा मुळात भेद पाळते आणि सांगितल्यास सोडून देते. अल्टाव्हिस्टाने हेच संपूर्ण आंतरजालावर करून दाखवले होते. जे १९९५ च्या यंत्रांना झेपले, ते आजच्या यंत्रांना झेपणार नाही, असे म्हणता येत नाही.

आपल्या देशात सध्या ग्रंथांचे, हस्तलिखितांचे आणि बोलींचे मोठे संग्रह उभे राहत आहेत, त्यांवर भाषा-प्रारूपेही घडत आहेत. ही कामे करणाऱ्यांनी मजकूर ‘स्वच्छ’ करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. ‘मण’, ‘वेळ’ आणि ‘बेंगळुरू’ हे तीन शब्द आपल्या प्रणालीतून पार करावेत आणि दुसऱ्या टोकाला काय बाहेर पडते, ते स्वतः वाचून पाहावे.