ऑपेरा हाउस, आजोबांचं आणि बाबांचं

आमच्या घरी ऑपेरा हाउसवरून आजोबा आणि बाबांचं कायम वाजायचं. आजोबांनी लहानपणी तिथे बालगंधर्वांना ऐकलेलं. १९३५च्या सुमारास तिथे सिनेमाने बस्तान बसवलं आणि आजोबांनी त्या दारात पाऊल ठेवलं नाही. "देवळात दुकान थाटलंय," म्हणायचे. बाबांना मात्र ऑपेरा हाउस म्हणजे शाळा बुडवून पाहिलेला मॅटिनी!

आता वाटतं, आजोबांचा हट्टही तसा गंमतीचाच. मॉरिस बँडमन आणि जहांगीर कराका यांनी ते बांधलं ऑपेरासाठी. १९११ साली काम पुरं व्हायच्या आतच पंचम जॉर्जने उद्घाटन केलं. म्हणजे आमच्या संगीत नाटकाचा संसारही तिथे दुसरेपणाचाच की! शिवाय सिनेमाच्या काळातही पृथ्वीराज कपूर तिथे आपली नाटकं करत होते. आजोबांना हे सांगायची कोणाची टाप नव्हती, ते सोडा.

आणि सिनेमा आला नसता तर? वास्तू उभी राहिली असती? गिरगावातल्या मॅजेस्टिककडे बघा. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला तो तिथे. पुढे थेटर पाडलं, आता तिथे शॉपिंग सेंटर आहे. नावापुरतं मॅजेस्टिक उरलं.

ऑपेरा हाउसही १९९३मध्ये बंद पडलं. बसमधून जाताना ती काळवंडलेली इमारत दिसायची आणि बाबा मान वळवून बघत राहायचे. गोंडलच्या राजघराण्याने विकून टाकलं नाही, हे आपलं नशीब. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली डागडुजी होऊन २०१६च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडलं. मुंबई चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन तिथे झालं, आणि मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ ऑपेराही गायल्या. भांडण मिटलं म्हणायचं!

नंतर बाबांना घेऊन एका कार्यक्रमाला गेलो. सोनेरी नक्षी, लाल गाद्या, झुंबरं... मी वर बघत बसलो. बाबा गप्प. रंगाचे थर खरवडून जुनं रूप परत आणलंय, असं मी कौतुकाने सांगत होतो, तेव्हा कुठे लक्षात आलं की खरवडलेल्या थरांत बाबांचा मॅटिनीही होता.

मध्यंतरात ते दाराजवळच्या पोऱ्याला विचारत होते, "इथे कोपऱ्यात वेफर्सवाला बसायचा, तो कुठला कोपरा रे?"

त्याने नम्रपणे नव्या कॅफेकडे बोट दाखवलं.