आकडा, विक्रम आणि मधली मुलं

मराठीतल्या किशोरवयीन मुलाचं चित्र गेल्या नव्वद वर्षांत बरंच बदललं. साने गुरुजींचा श्याम १९३५ साली पुस्तकात आला, १९५३ साली अत्र्यांच्या सिनेमात. तो चुकतो, आई समजावते, तो सुधारतो. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्यांना न विचारता सायकलवर सुटला. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त (२००४) नववीतल्या मुलाला प्रेमात पडायची मुभा मिळाली. या वयालाही जात चुकत नाही, हे 'फँड्री' आणि 'सैराट'नं दाखवलं.

मी सिरोंचाचा. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचं, तेलंगणाला खेटलेलं हे गाव. अनेकांच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. वरची सगळी पोरं मला आवडतात, पण त्यांत आमच्याकडचं कुणी नाही. आमची मुलं गोष्टीत कमी, बातमीत जास्त येतात.

२०१८ चे दोनच महिने बघा. २२ एप्रिलला गडचिरोलीत बोरिया-कसनासूरला चकमक झाली. पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा चाळीसवर गेला. अनेक मृतदेह इंद्रावतीत सापडले. तीच नदी आमच्या तालुक्यात सोमनूरला गोदावरीला मिळते. गट्टेपल्ली गावची काही मुलं-मुली तेव्हापासून बेपत्ता होती. पोलीस म्हणाले, नवी भरती. पालक म्हणाले, लग्नाला निघालेली पोरं, काही तर अठराच्याही आतली.

महिना उलटायच्या आत चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर पोहोचले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं. त्यांना नावं मिळाली, फोटो छापून आले. ते व्हायलाच हवं होतं.

पण दोन्ही बातम्या शेजारी ठेवा. एकीत मुलं आकडा आहेत, दुसरीत विक्रम. दोन्हींची पहिली माहिती सरकारी खात्यांकडूनच आली. मधली मुलं, म्हणजे गणितात अडकलेली, तेलुगू हिरोसारखे केस कापणारी, एसटी चुकली म्हणून कॉलेज बुडवणारी, त्यांच्यासाठी कुठलंच खातं प्रेसनोट काढत नाही.

फोन आल्यावर या मुलांनी स्वतःच स्वतःला दाखवायला सुरुवात केली. हा या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल. पण जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरांचे व्हिडिओ एका फटक्यात दिसेनासे झाले. आता ती रील्सवर आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एवढं सांगू शकतो: कुणाला पुढे ढकलायचं हे तिथे तुमचा अंगठा कुठे थांबतो यावरून ठरतं. आणि अंगठाही मथळ्यासारखाच, काहीतरी टोकाचं दिसलं की थांबतो.

गट्टेपल्लीची पोरं कोण होती, हा प्रश्न आपण चकमकीनंतर विचारला. त्याआधी त्यांच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर उत्तरासाठी फक्त पोलीस आणि पालक यांच्यातला वाद हाती उरला नसता.