वादळी वाऱ्यातील नौकासुरक्षा (आंभोरा, ता. कुही)

नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान यांसह पाच नद्या मिळतात. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने तेथील नदीपात्र जलाशयासारखे पसरले, आणि नौकेपुढील धोक्याचे स्वरूपही बदलले. नदीत भीती प्रवाहाची. जलाशयात ती वाऱ्याची. वाऱ्याला जितके मोकळे पाणी मिळते तितक्या लाटा वाढतात. मेमधील वादळी ढगातून उतरणारा वारा अनेकदा पावसाआधीच पोहोचतो. म्हणून पहिली सर येईपर्यंत जाळे ओढत राहणे हा हिशेब चुकीचा ठरतो. गडगडाट ऐकू येताच काठ गाठावा. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. तेही धरणाचेच पाणी होते, समुद्र नव्हे.

पट्टीच्या पोहणाऱ्याला जीवरक्षक जॅकेट कशाला, हा आक्षेप नेहमीचा. पण पोहण्याचे कसब शांत पाण्यात कमावलेले असते. लाटांत दमछाक आधी होते, आणि डोक्याला मार लागला तर कसब निरुपयोगी. आंभोऱ्याला आता पूल झाला, मग डोंग्यांची चिंता का, असेही म्हटले जाते. पुलाने प्रवासी सुटला; मासेमारी करणारा ढिवर पाण्यातच आहे. वाऱ्यात सापडल्यास त्याने खाली बसावे, ओझे तळाशी ठेवावे, लाट आडवी न घेता नाकाडावर तिरकी घ्यावी. डोंगा उलटलाच तर तो सोडू नये: पालथे लाकूडही तरंगते, आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्याआधी तेच दिसते.